केकवरचं नाव

निलंग्यात कुणाच्या घरी वाढदिवस निघाला की केक दोन ठिकाणांहून यायचा. घाई असली तर बसस्थानकासमोरच्या बेकरीतून आणि हौस असली तर सुकन्याकडून. बेकरीच्या केकवर इंग्रजीत ठरलेले दोन शब्द आणि त्याखाली जागा उरेल तसं कोंबलेलं नाव असे. सुकन्याच्या केकवर नाव मराठीत असे, काना-मात्रा-वेलांटीसकट, आणि असं ठसठशीत, की घरातली थोरली बाई सुरी धरणाऱ्याला दटावायची, "कडंकडंनं काप रे, नावाला धक्का लावू नको." शेवटी ताटात नावाचा तेवढा तुकडा उरायचा आणि तो कुणी खायचा यावरून पोरं एकमेकांना ओरबाडायची.

हे अक्षर तिच्या हाताला शाळेपासून होतं. चित्रकलेची इंटरमिजिएट परीक्षा ती वरच्या श्रेणीत पास झाली होती. पुढं लातूरला जाऊन चित्रकलेची शिक्षिका व्हायचा कोर्स करायचा, असं तिनं मनात धरलं होतं. पण वडिलांनी "एवढं बास" म्हटलं आणि विसाव्या वर्षी तिचं लग्न वैजनाथशी झालं. वैजनाथ एसटीच्या डेपोत मेकॅनिक. माणूस सरळ, निर्व्यसनी, कामापुरतं बोलणारा. पुढची पंधरा वर्षं सुकन्याचं अक्षर रुखवताच्या पाट्यांवर आणि दारातल्या रांगोळीत जिरत गेलं. मग लेकीच्या, आरतीच्या दहाव्या वाढदिवसाला तिनं कुकरच्या तळाशी मीठ पसरून केक भाजला, प्लास्टिकच्या कागदाचा कोन वळला आणि केकवर 'आरती' लिहिलं. शेजारणीनं ते बघितलं. दुसऱ्या आठवड्यात पहिली ऑर्डर आली.

त्याला आता बारा वर्षं होऊन गेली. आरती लातूरला फार्मसीच्या शेवटच्या वर्षाला. स्वयंपाकघरात ओव्हन आला, केक ठेवायला वेगळा फ्रिज आला. जोडाक्षर आलं की सुकन्याला चेव यायचा. 'श्रद्धा' असं नाव असलं की बेकरीवाला हात जोडायचा. सुकन्या ते एका दमात काढायची, श्वास रोखून, आणि शेवटचा काना ओढून झाला की मगच सोडायची. लोकांना केक आवडायचाच, पण त्या नावासाठी माणसं औराद शहाजानीहून, कासारशिरसीहून यायची.

या धंद्यातलं खरं कष्टाचं काम म्हणजे फेटणं. मैद्याचं मिश्रण फेटा, लोणी फेटा, आणि सगळ्यात अवघड म्हणजे क्रीम. बारा वर्षं सुकन्या हातात धरायच्या बीटरनं फेटत आली होती. क्रीम उभं राहीपर्यंत तो घरघरता बीटर भांड्यात फिरवत उभं राहायचं. लग्नसराईत दिवसाला सात-आठ केक असले की हात कोपरापर्यंत मुंग्यांनी भरून जायचा.

दिवाळी होऊन महिना झाला असेल, तेव्हाची गोष्ट. 'शिवकुमार' असं नाव लिहायचं होतं. तिनं 'शि' काढला, नेहमीसारखा मोठा, डौलदार. 'व' त्याहून थोडा लहान आला. 'कु' आणखी लहान. 'र' पर्यंत येता येता अक्षर मसुराच्या दाण्याएवढं झालं. जागेचा अंदाज चुकला म्हणून तिनं सगळं खरवडून काढलं आणि पुन्हा लिहिलं. पुन्हा तसंच. पहिलं अक्षर उभं राहायचं आणि मागची एकेक करून आकसत जायची. त्या घरच्या लोकांनी केक तसाच नेला. पण पुढच्या केकवर तेच झालं, त्याच्या पुढच्यावरही. आणि हात मांडीवर स्वस्थ ठेवला, की अंगठा आपोआप बोटांवर फिरत राही, जपमाळ ओढावी तसा.

एक दिवस वैजनाथनं ते पाहिलं.

"ह्यो बीटर तुझा हात खाऊलालाय," तो म्हणाला. "आमच्या डेपोत नट खोलायची गन हाय. एका मिस्त्रीनं ती धा वर्षं धरली. आता त्याच्या बोटाला चहाचा गिलास गरम लागत न्हाई. हादऱ्यानं नसा मरत्यात."

"मग काय करू? सोडून देऊ?"

"सोडायचं कशाला? हादरा मशीननं खावा. आपुन कशाला खायचा?"

आरतीला फोन केला तर तिनं लगेच मशीनचं नाव सांगितलं. "आई, स्टँड मिक्सर घे. भांडं लावायचं, बटण दाबायचं आणि बाजूला व्हायचं. हात लावायचंच काम नाही. इथं लातुरात सगळ्या केकवाल्यांकडं आहे."

तिथून घरात त्या मशीनचा विषय सुरू झाला तो संपेचना. एका रविवारी दोघं लातूरला जाऊन दुकानात बघूनही आले. मशीन काचेच्या कपाटात, पॉलिश केलेल्या मोटारसारखी चकचकीत. वैजनाथ म्हणाला, "चालवून दाखवा." दुकानदार हसला. "काका, विकायचा माल चालवून कसं दाखवू? व्हिडिओ बघा ना." वैजनाथ पाय आपटत बाहेर आला. चालवून बघितल्याशिवाय तो डेपोतून गाडी बाहेर सोडत नसे. अशी बंद मशीन तो कसा घेणार? आतला गियर लोखंडाचा की प्लास्टिकचा, तापली तर किती वेळात बंद पडते, बिघडली तर दुरुस्तीला पुण्याला पाठवायची की हैदराबादला, निलंग्यातल्या वरखाली होणाऱ्या विजेवर मोटर टिकते का, हे प्रश्न त्यानं जेवताना एकेक करून काढले. सुकन्याचे प्रश्न वेगळे होते. अर्ध्या किलोच्या केकचं मिश्रण एवढ्या मोठ्या भांड्यात तळाशीच राहील, ते पातं तिथवर पोचेल का? ओट्यावर ती ठेवली तर पोळपाटाला जागा कुठून आणायची? पैसे तिनं साठवलेले होते, त्याची चिंता नव्हती. चिंता दुसरीच होती आणि ती तिनं कुणाला सांगितली नव्हती.

मशीन घेऊन हात खरंच बरा होणार का, हे तिला आधी पाहायचं होतं. म्हणून तिनं मनाशी ठरवलं, तीन आठवडे बीटरला शिवायचंच नाही. वैजनाथला फक्त एवढं म्हणाली, "थोडे दिवस फेटायचं तुम्ही बघता का? हाताला आराम पडंल." तो हो म्हणाला. ड्युटीवरून आला की साबणानं कोपरापर्यंत हात धुऊन, खाकी पँटीवरच, तो बीटर धरून उभा राही. क्रीम किती फेटायचं ते त्याला कळत नसे. "झालं का? आता झालं का?" असं तो विचारत राही, आणि सुकन्या भांड्यात वाकून बघून म्हणे, "अजून जरा." त्या दिवसांत त्यांच्या घरात बऱ्याच वर्षांनी हसणं ऐकू यायचं.

पहिला आठवडा गेला. अक्षर आकसतच होतं. दुसरा गेला. तिनं वहीच्या मागच्या पानावर रोज स्वतःचं नाव लिहून पाहिलं आणि पान फाडून चुलीत घातलं. तिसऱ्या आठवड्यात आरतीचा फोन आला. केकवाल्या बायकांच्या एका ग्रुपवर नांदेडच्या इंदूताईंनी आपला स्टँड मिक्सर विकायला काढला होता. वापरलेला, पण चालवून बघून घ्या म्हणत होत्या. वैजनाथनं दुसऱ्याच दिवशी रजा टाकली. सुकन्याला त्याला सांगता आलं नाही, की हाताला आराम देऊन काही उपयोग झालेला नाही. मशीन पाहिल्यावर कदाचित वेगळं काही होईल, अशी एक वेडी आशा तिलाही होतीच. पहाटेच्या गाडीनं दोघं निघाले. लातूर, अहमदपूर, लोहा करत नांदेडला पोचायला अकरा वाजले.

इंदूताई साठीच्या, गोऱ्या, घरातच चप्पल घालून वावरणाऱ्या. त्यांचे यजमान माधवराव बँकेतून निवृत्त झालेले. मुलगा हैदराबादला, दोघं आता कायमचे तिकडेच चालले होते. अर्ध्या घराचं सामान खोक्यांत गेलं होतं. स्वयंपाकघराच्या ओट्यावर ती मशीन तेवढी उरलेली. दुधी रंगाची, मानेला जरा ओरखडा पडलेली.

"मी खरं तेच सांगते, ताई," चहा देता देता इंदूताई म्हणाल्या. "पहिलं वर्षभर मी हिला शिव्याच दिल्या. थोडं मिश्रण असलं की तळाला फिरतच नाही, सारखं भांडं खरवडून घ्यावं लागतं. जड इतकी, की एकदा ठेवली ती ठेवली. पण दिवसाला पाचाच्या वर केक असतील तर घ्या. हात वाचतात. मला विचाराल तर माझं वय या मशीननं पाच वर्षं मागं ढकललं."

वैजनाथनं खिशातून स्क्रू ड्रायव्हर काढला. "ताई, मागचं झाकण उघडू का? राग नका मानू."

"उघडा की. उलट मलाही बघायचंय आत काय आहे ते."

त्यानं झाकण उघडलं, बॅटरीचा उजेड पाडून आत पाहिलं, बोट लावून ग्रीस हुंगलं. "गियर लोखंडी हाय," तो सुकन्याकडं वळून म्हणाला. लग्न ठरल्याचं सांगावं तसा त्याचा चेहरा झाला होता. मग मशीन चालू केली. इंदूताईंनी फ्रिजमधलं क्रीम ओतलं. पातं स्वतःभोवती फिरत भांड्याभोवतीही फिरू लागलं. वैजनाथनं कान जवळ नेला, डोळे मिटले आणि इंजिन ऐकावं तसा बराच वेळ ऐकत राहिला. सुकन्या नुसती बघत उभी होती. चार-पाच मिनिटांत क्रीम शुभ्र, घट्ट, टोकदार उभं राहिलं. तिच्या हातानं असं क्रीम बारा वर्षांत क्वचितच जमलं होतं.

"आता एक करा," इंदूताई म्हणाल्या. "तुमचे फोटो मी ग्रुपवर बघत असते. एवढं सुंदर मराठी नाव कुणीच लिहीत नाही. आज डोळ्यांनी बघू द्या. आमच्या नातवाचं नाव लिहा, मिहिर."

त्यांनी स्टीलचं ताट उलटं करून ठेवलं, कोन भरून दिला. नाही म्हणायला काही कारण नव्हतं. सुकन्यानं कोन धरला. तीन आठवड्यांचा विसावलेला हात. 'मि' बरा आला. 'हि' ची वेलांटी वळताना बोटं जागीच अडकल्यासारखी झाली, आणि 'र' इतका बारीक आला की तो टिंबच वाटला. तिनं कोन खाली ठेवला आणि हात पदराखाली घेतला. पदर हलत होता.

वैजनाथ ताटाकडं बघत होता. तीन आठवडे आपण क्रीम फेटलं आणि हिचा हात बीटरला लागलेला नाही, तरी अक्षर तसंच आहे, हे त्याच्या तेव्हा ध्यानात आलं.

माधवराव खुर्चीतून उठले. "वहिनी, एक बोलू का? आमच्या बँकेतल्या एका साहेबांची सही अशीच बारीक होत गेली होती. आधी आम्हाला वाटलं, कंटाळा करतायत. नांदेडला आलाच आहात तर मेंदूच्या डॉक्टरला दाखवून जा. मी फोन करतो, आजच बघतील."

डॉक्टरनं तपासायला फार वेळ घेतला नाही. तर्जनी अंगठ्यावर भराभर टेकवायला सांगितली, मनगट धरून हात वाकवून पाहिला. कागद पुढं केला आणि एकच वाक्य चार वेळा लिहायला सांगितलं. चौथी ओळ मुंग्यांच्या रांगेसारखी झाली. मग तिला बाहेरच्या व्हरांड्यात चालायला लावलं.

"चालताना यांचा उजवा हात हलत नाही," डॉक्टर वैजनाथला म्हणाले. "कधीपासून?"

वैजनाथनं मान खाली घातली. आवाजावरून डेपोतली प्रत्येक गाडी ओळखणारा तो माणूस. बायको रोज डोळ्यांसमोर चालत होती आणि तिचा हात कधी हलायचा थांबला, ते त्याला सांगता येईना.

डॉक्टरनं आजाराचं इंग्रजी नाव सांगितलं आणि मग मराठीत कंपवात म्हणाले. गोळ्यांनी ताठरपणा कमी होईल. आजार जात नाही, हळूहळू पुढं सरकतो.

"साहेब, बीटरनं झालं का हे?" वैजनाथनं विचारलं. "हातात धरून फेटायची ती मशीन असते."

"नाही. त्याचा काही संबंध नाही."

"मग कशानं?"

"तसं कारण सांगता येत नाही. काहींना होतो."

सुकन्यानं एकच प्रश्न विचारला. "लिहिता येईल का?"

"सही करता येईल. रोजचं थोडंफार लिहिणं जमेल."

"केकवर नाव लिहिते मी."

डॉक्टरनं चष्मा काढून टेबलावर ठेवला. "औषध सुरू करू. बघू किती फरक पडतो," ते म्हणाले. पण ते असे म्हणाले, की तिला पुढं काही विचारावंसं वाटलं नाही.

परतीच्या गाडीत दोघं शेजारी बसले. लोहा गेल्यावर सुकन्या म्हणाली, "मशीन नको आता."

वैजनाथ खिडकीबाहेर बघत राहिला.

बारा दिवसांनी तो ड्युटीवरून आला तो खांद्यावर खोका घेऊन. ओळखीच्या ड्रायव्हरकडून त्यानं ती मशीन नांदेडहून मागवली होती. वाटेत आदळू नये म्हणून सीटला सुतळीनं बांधून आणली होती.

"मी नको म्हन्ले होते ना?" सुकन्या म्हणाली.

"डॉक्टर काय म्हनंल ते म्हनू दे. हादरा तर वाचंल." त्यानं तिच्याकडं न बघता खोका फोडला. ओटा एका बाजूला किंचित उतरता होता. त्यानं टायरच्या ट्यूबचे तुकडे कापून मशीनच्या पायाखाली सारले, पाणसळ ठेवून पाहिली, पुन्हा सारले. तासभर तो तिथंच वाकून बसला होता. सुकन्याला त्याच्यावर रागवायचं होतं. पण त्याची ती वाकलेली पाठ बघून तिला राग आणता आला नाही.

गोळ्या सुरू झाल्या. पहिले पंधरा दिवस जेवण पोटात ठरेना. मग मळमळ थांबली आणि गोळी घेतल्यावर दोन-एक तास अंग मोकळं वाटू लागलं. साडीच्या निऱ्या जमायला लागल्या. अक्षर मात्र काही सुधारलं नाही. मशीन उत्तम चालत होती. केक पूर्वीपेक्षा हलके होत होते, हे गिऱ्हाईकही सांगायचं. नावाचं मात्र सुकन्या काहीतरी सांगून टाळायची. बाजारात प्लास्टिकच्या सोनेरी पट्ट्या मिळतात, तयार अक्षरं कापलेल्या. त्या खोचून द्यायची. तीन महिन्यांत ऑर्डरी निम्म्यावर आल्या. तशी पट्टी तर बेकरीवालाही खोचून देत होता.

एप्रिलात उमाबाई आल्या. त्यांचे सासरे हणमंतराव, गावातले जुने वकील, पंचाहत्तर वर्षांचे होत होते. "हे बघ सुकन्या, पट्टीबिट्टी चालायची नाही. मामंजींनी मुद्दाम सांगितलंय, नाव तुझ्या हातचं पाहिजे. त्यांचे सगळे पाहुणे येणारेत."

सुकन्याला नाही म्हणायचं होतं. तोंडातून हो निघून गेलं.

त्या दिवशी सकाळपासून तिनं कूलर स्वयंपाकघराकडं फिरवून ठेवला. केक भाजून गार केला. दुपारी गोळी घेतली, तास जाऊ दिला, मशीनमध्ये क्रीम फेटलं, केकला थर दिला आणि कोन हातात घेतला. 'ह' चांगला आला. 'ण' थोडा लहान. 'मं' वर अनुस्वार देताना हात उडाला. तिनं खरवडलं. परत थर दिला. परत लिहिलं. क्रीम संपलं, मशीनचं बटण दाबलं; पाच मिनिटांत पुन्हा भांडंभर क्रीम तयार. पूर्वी असं झालं असतं तर दोनदा फेटूनच दंड भरून आला असता आणि जे आलं ते बरं म्हणून तिनं हात आवरला असता. मशीन दमत नव्हती. सुकन्या लिहीत होती, खरवडत होती आणि मशीन पुन्हा भांडं भरून देत होती.

चार वाजता वैजनाथ घरी आला. ओट्यावर पातेलंभर खरवडलेलं क्रीम वितळून पडलं होतं. मशीन चालूच होती. सुकन्या खाली फरशीवर बसली होती, हातात कोन तसाच.

त्यानं मशीन बंद केली. "कितींदा लिवलंस?"

"मोजलं न्हाई."

"किती वाजता न्यायला येनार?"

"सहाला."

तो तिच्यापुढं जरा वेळ उकिडवा बसला. मग उठून साबणानं हात धुऊन आला. "ऊठ. मी मनगट धरतो. तू लिव."

त्यानं तिच्या मागं उभं राहून तिचं मनगट धरलं, नट पक्का धरावा तसं. हाताचं थरथरणं थांबलं. पण त्याच्या पकडीत तिची बोटंही वळेनात. ती सांगायची, "वर, आता गोल, गोल," आणि तो जोरानं ओढायचा. अक्षरं आकसली नाहीत. मोठी आली, वेडीवाकडी आली, पहिलीतल्या पोरानं पाटीवर गिरवावीत तशी. 'हणमंतराव' असं वाचता येत होतं, एवढंच. खरवडायला आता वेळ नव्हता.

उमाबाईंनी झाकण उघडून पाहिलं. "छान आहे की," त्या म्हणाल्या आणि झाकण लावलं.

दुसऱ्या दिवशी गल्लीच्या ग्रुपवर समारंभाचे फोटो आले. केकच्या फोटोखाली कुणीतरी कौतुकानं विचारलं होतं, 'नातवानं लिहिलं का नाव?' त्याखाली उमाबाईंचं उत्तर होतं, 'हो.'

सुकन्याला कळलं, की उमाबाईंनी ते तिची लाज राखायला लिहिलंय. तिनं फोन पालथा ठेवला आणि पुढच्या आठवड्याच्या दोन ऑर्डरी फोन करून परत केल्या. त्यानंतर तिनं केक केला नाही. कुणी विचारलं तर "सध्या बंद हाय" म्हणायची. लोकांनी काही दिवस विचारलं. मग विचारायचं थांबलं.

पावसाळाभर मशीन कपड्याखाली झाकून होती. दसऱ्याच्या सुमाराला देगलूरचा अमरेश नावाचा माणूस ती बघायला आला. तिथल्या बसस्थानकाजवळ तो नवीन बेकरी टाकणार होता. वैजनाथनं मशीन चालवून दाखवली. आत लोखंडी गियर आहे, हेही त्यानंच सांगितलं. अमरेश ऐकत होता आणि "बागुंदी, बागुंदी" असं तेलुगूत पुटपुटत होता.

"चांगली हाय मशीन. इकायला कशाला काढली?"

"आमच्याकडं तेवढं काम न्हाई," सुकन्या म्हणाली.

पैसे देऊन झाल्यावर त्याला काही आठवलं. "ताई, निलंग्यात एक बाई केकवर मराठीत नाव लई भारी लिवतात म्हनं. आमच्या मेहुण्याच्या घरी बघितलं होतं. त्याच का तुम्ही? माझ्या कारागिराला चार दिवस शिकवाल तर लई बरं होईल."

"न्हाई," सुकन्या म्हणाली. "त्या दुसऱ्या."

खोक्याला सुतळी बांधत असलेला वैजनाथ थांबला. त्यानं वर पाहिलं नाही. थोड्या वेळानं त्यानं गाठ मारली आणि खोका उचलून अमरेशच्या टेम्पोत नेऊन ठेवला.

थंडी सुरू झाली तसा सुकन्याचा डावा हातही जड झाला. गोळ्या वाढल्या. आरती दर रविवारी लातूरहून येते, औषधांची पाकिटं वारांप्रमाणे लावून देते, बोलताना हसत राहते आणि जाताना गल्लीच्या कोपऱ्यावर जाऊन रडते. हे सुकन्याला शेजारणीकडून कळलं.

सकाळी वैजनाथला पहिली पाळी असते. डब्याच्या भाकरी आता तोच करतो. ज्वारीच्या पिठात पाणी ओततो, मळतो, थापायला घेतो आणि भाकरी अर्ध्यातच फाटते. सुकन्या दाराला टेकून उभी राहते.

"पानी गरम घ्या," ती सांगते. "आन बोटांनी न्हाई, तळव्यानं मळा. जोर लावा."

"लावलाय की."

"अजून."

तो पुन्हा मळतो. नखांच्या कडेला डेपोतलं काळं ग्रीस असतं, ते कितीही धुतलं तरी निघत नाही. भाकरी जाड होते, एका बाजूनं कच्ची राहते. तो ती तव्यावरून काढतो, दुधात कुस्करतो, वाटी तिच्या डाव्या हाताशी सरकवतो आणि घड्याळ बघत चपला शोधू लागतो. पहिली गाडी तपासून सव्वासहाला डेपोतून बाहेर सोडायची असते.